रिकाम्या रकान्यातले गाव

नकाशा बघायचा असतो, ही आपली शाळेपासूनची समजूत. भिंतीवर टांगलेला महाराष्ट्र, त्यातल्या निळ्या रेघा म्हणजे नद्या, तपकिरी पट्टा म्हणजे सह्याद्री. गुरुजींची छडी जिथे थांबेल तिथे नजर न्यायची. संगणकावरच्या नकाशाने या समजुतीत मोठा बदल केला. हा नकाशा बघता येतोच, पण त्याला प्रश्नही विचारता येतो. ‘ज्या वस्त्यांची लोकसंख्या पाचशे किंवा त्याहून अधिक आहे आणि जिथे बारमाही रस्ता नाही, त्या दाखव’ असे त्याला सांगितले, की हजारो ठिपक्यांमधले मोजके ठिपके क्षणात पिवळे होतात. बाकीचे होते तिथे, होते त्या रंगात राहतात.

पिवळ्या ठिपक्यांची पुढे यादी होते. यादी प्रस्तावाला जोडली जाते, प्रस्तावावर सह्या होतात, आणि मग कुठे खडी पडते, कुठे टँकर जातो, कुठे शाळेची खोली उभी राहते. ठिपका पिवळा झाला की नाही, यावर एखाद्या वस्तीची पुढची दहा वर्षे ठरू शकतात. गेली अनेक वर्षे मी गावपातळीचे नकाशे आणि त्यांच्यामागचे तक्ते यांवर काम करते; हे काम विद्यार्थ्यांना आणि कार्यकर्त्यांना शिकवतेही. त्यातून एक गोष्ट मला मांडावीशी वाटते. नकाशाला विचारलेला प्रश्न हे एक वाक्य असते. त्या वाक्याला स्वतःचे व्याकरण असते, आणि ज्यांची नोंद अपुरी आहे ती माणसे या व्याकरणात कोणाच्याही नकळत गळतात. हे कसे घडते ते समजायला संगणकाचे शिक्षण लागत नाही. भाषेकडे बारकाईने पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला तर ते चटकन उमगेल.

नकाशामागचा तक्ता

आपल्याकडे शेतजमिनीची ओळख दोन कागदांत विभागलेली असते. गावनकाशावर शेताची आकृती असते आणि तिच्यात गट क्रमांक लिहिलेला असतो. सात-बाराच्या उताऱ्यावर त्याच गट क्रमांकाखाली खातेदाराचे नाव, क्षेत्र, आकारणी, पीक यांच्या नोंदी असतात. नकाशावर खातेदार नसतो, उताऱ्यावर शेताचा आकार नसतो. दोघांना बांधून ठेवणारा दुवा म्हणजे गट क्रमांक.

संगणकावरचा नकाशा याच तत्त्वावर चालतो. पडद्यावर दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्यामागे, रेघेमागे किंवा आकृतीमागे एका तक्त्यातली एक ओळ असते. त्या ओळीत रकाने असतात: गावाचे नाव, तालुका, जिल्हा, लोकसंख्या, रस्ता, पाणी. नकाशा आणि तक्ता यांची ही जोडणी संगणकात प्रथम मोठ्या प्रमाणावर झाली ती कॅनडात. रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६०च्या दशकात त्या देशाच्या जमिनीची मोजदाद आणि वर्गवारी करण्यासाठी अशी प्रणाली उभी केली. आज आर्कजीआयएससारखी विकत घ्यावी लागणारी प्रणाली आहे, आणि गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेली क्यूजीआयएस ही मोफत, खुली प्रणालीही आहे. महाविद्यालयातला विद्यार्थी ती साध्या लॅपटॉपवर उतरवून घेऊ शकतो आणि जनगणनेचा तक्ता गावांच्या नकाशाला जोडू शकतो.

जोडणी झाली, की प्रश्न विचारता येतात. प्रश्न दोन प्रकारचे. ‘नदीपासून एक किलोमीटरच्या आत कोणती गावे आहेत?’ हा जागेचा प्रश्न. त्याचे उत्तर आकृत्या मोजून मिळते. ‘कोणत्या गावांत रस्ता नाही?’ हा गुणधर्माचा प्रश्न. त्याचे उत्तर तक्त्याचे रकाने वाचून मिळते. या लेखात मी फक्त दुसऱ्या प्रकाराबद्दल बोलणार आहे. तो सोपा वाटतो, आणि सोपा वाटतो म्हणूनच त्याच्याकडे कोणी वळून बघत नाही.

प्रश्नाचे व्याकरण

गुणधर्माच्या प्रश्नाचे सर्वांत लहान रूप तीन शब्दांचे असते: रकान्याचे नाव, तुलनेचे चिन्ह आणि एक किंमत. ‘लोकसंख्या >= ५००’ हा एक पूर्ण प्रश्न झाला. संगणक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत जातो, प्रत्येक ओळीला हे विधान लावून पाहतो, आणि जिथे ते खरे ठरते ती ओळ निवडतो. त्या ओळीची आकृती नकाशावर पिवळी होते. एवढेच. संगणक एका वेळी एकच ओळ पाहतो, ही गोष्ट मात्र लक्षात ठेवावी. तिचे महत्त्व पुढे कळेल.

किंमत मजकुराची असेल तर ती अवतरणात द्यावी लागते. क्यूजीआयएसमध्ये एकेरी अवतरण म्हणजे मजकूर आणि दुहेरी अवतरण म्हणजे रकान्याचे नाव. ‘पुणे’ हा शब्द चुकून दुहेरी अवतरणात पडला, तर संगणक पुणे नावाचा रकाना शोधत बसतो. विरामचिन्हांचा इतका कडक अंमल आपल्या कुठल्याही संपादकाने चालवला नसेल.

लहान प्रश्न जोडून मोठा प्रश्न करायला तीन शब्द लागतात: आणि, किंवा, नाही. हे तीन शब्द तर्काचे पाया आहेत हे दाखवून त्यांचे बीजगणित मांडले ते जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने. त्याचा मुख्य ग्रंथ १८५४ सालचा. बूलची पत्नी मेरी एव्हरेस्ट ही जॉर्ज एव्हरेस्ट यांची पुतणी, आणि हे एव्हरेस्ट म्हणजे १८३० ते १८४३ या काळात भारताचे सर्व्हेअर जनरल असलेले, ज्यांचे नाव शिखराला दिले गेले तेच. काकांनी हिंदुस्थान मोजला. पुतणीच्या नवऱ्याने जे बीजगणित लिहिले, त्यावर आज त्या मोजणीतून आलेल्या नकाशांना प्रश्न विचारले जातात. बूलचा समकालीन ऑगस्टस डी मॉर्गन याचा जन्म तर १८०६ साली मदुराईचा. ‘आणि’चा नकार केला की ‘किंवा’ होतो, हा नियम त्याच्या नावाने ओळखला जातो.

या बीजगणिताला आजची बोली मिळाली ती १९७०च्या दशकात. आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी १९७० साली माहिती ओळी-रकान्यांच्या तक्त्यांत कशी ठेवावी याचा सिद्धान्त मांडला. १९७४ साली त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी अशा तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा सुचवली. तिचे मूळ नाव सीक्वेल; आज ती एसक्यूएल म्हणून ओळखली जाते. प्रोग्रामिंग न येणाऱ्या माणसालाही वाचता यावी, म्हणून तिचे शब्द साध्या इंग्रजीतले ठेवले. नकाशाच्या प्रणालींनी हीच बोली उचलली. या लेखात मी तिचे शब्द मराठीत देते आहे. प्रत्यक्षात ते इंग्रजीतच टाइप करावे लागतात.

बोलण्यातले ‘आणि’, तर्कातले ‘आणि’

भाषा ओळखीची वाटते, आणि गफलत होते ती त्या ओळखीमुळेच. आपण सहज म्हणतो, ‘पुणे आणि सातारा जिल्ह्यांतली गावे दाखव.’ वर्गात नवा विद्यार्थी हेच वाक्य जसेच्या तसे लिहितो: जिल्हा = ‘पुणे’ आणि जिल्हा = ‘सातारा’. उत्तर येते शून्य. संगणक एका वेळी एकच ओळ पाहतो, आणि एकाच वेळी पुण्यात व साताऱ्यात असलेले गाव जगात नाही. बोलण्यातले ‘आणि’ याद्यांची बेरीज करते. तर्कातले ‘आणि’ अटींची बेरीज करते. अटी वाढल्या की यादी आटते. इथे हवे होते ‘किंवा’.

‘किंवा’चेही तसेच. ‘चहा घेणार किंवा कॉफी?’ या प्रश्नात दोन्ही घेणे अपेक्षित नसते. तर्कातल्या ‘किंवा’ला मात्र दोन्ही चालते. ‘विहीर किंवा नळ असलेली गावे’ मागितली, तर दोन्ही असलेली गावेही येणारच.

ही कोडी शब्दांपुरती राहत नाहीत. एक खरे उदाहरण घेऊ. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. न जोडलेल्या वस्त्यांना बारमाही रस्ता द्यायचा, हा तिचा हेतू. सपाट प्रदेशात ५०० किंवा अधिक लोकसंख्येच्या वस्त्या पात्र. डोंगरी राज्ये, वाळवंटी प्रदेश आणि राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीतले आदिवासी क्षेत्र यांत ही मर्यादा २५०वर आणलेली. सरकारी भाषेतले हे वाक्य मुळात गुणधर्माचा प्रश्नच आहे. ते लहानशा तक्त्यावर लावून पाहू. पुढच्या सहा वस्त्या कल्पित आहेत.

१. माळवाडी: लोकसंख्या ६४०, क्षेत्र सर्वसाधारण, रस्ता नाही
२. गावठाण: लोकसंख्या १,८५०, क्षेत्र सर्वसाधारण, रस्ता आहे
३. वरचा पाडा: लोकसंख्या ३१०, क्षेत्र अनुसूचित, रस्ता नाही
४. खालचा पाडा: लोकसंख्या २७०, क्षेत्र अनुसूचित, रस्ता आहे
५. तांडा: लोकसंख्येचा रकाना रिकामा, क्षेत्र सर्वसाधारण, रस्ता नाही
६. डोंगरपाडा: लोकसंख्या १८०, क्षेत्र अनुसूचित, रस्ता नाही

नियम असा लिहावा लागतो: रस्ता = ‘नाही’ आणि (लोकसंख्या >= ५०० किंवा (क्षेत्र = ‘अनुसूचित’ आणि लोकसंख्या >= २५०)). उत्तर दोन वस्त्या: माळवाडी आणि वरचा पाडा. आता यातले कंस काढून टाका; शब्द तेच, क्रम तोच. उत्तर तीन वस्त्या होते, कारण रस्ता असलेला खालचा पाडाही यादीत शिरतो. संगणकाच्या व्याकरणात ‘आणि’ हे ‘किंवा’पेक्षा घट्ट बांधते, जसा अंकगणितात गुणाकार बेरजेच्या आधी होतो. कंस नसले, की ‘रस्ता नाही’ ही अट फक्त पहिल्या तुकड्याला चिकटते आणि दुसरा तुकडा मोकळा सुटतो. बोलताना आपण हे काम आवाजाच्या चढउताराने, एखाद्या क्षणाच्या थांब्याने करतो. लिखित प्रश्नात तो थांबा कंसालाच घ्यावा लागतो.

नावे आणि त्यांची रूपे

अंकांचे बरे, नावांची गोष्ट वेगळी. नावांसाठी ‘सारखे’ अशा अर्थाचा एक शब्द आहे, लाइक. त्यात टक्क्याचे चिन्ह म्हणजे ‘इथे काहीही चालेल’. ‘%वाडी’ असे विचारले की वाडीने संपणारी सगळी नावे मिळतात. स्थलनामांच्या अभ्यासकाला हे साधन म्हणजे पर्वणी आहे. ‘%खुर्द’ आणि ‘%बुद्रुक’ असे दोन प्रश्न विचारून पाहावेत. खुर्द हा फारसी शब्द, अर्थ धाकटे. बुद्रुक हे बुजुर्गचे मराठी रूप, अर्थ थोरले. शेजारी-शेजारी वसलेल्या या जोड्या नकाशावर दोन रंगांत उमटल्या, की एका गावातून दुसरे कसे फुटले असेल याचा विचार आपोआप सुरू होतो.

पण यादी मोजायला घेतली की लक्षात येते, काही जोड्यांतला धाकटा किंवा थोरला हजरच नाही. तक्ता लिहिणाऱ्याने कुठे ‘खुर्द’ पूर्ण लिहिले, कुठे ‘खु.’ लिहून मोकळा झाला. संगणकाला ‘खु.’ म्हणजे खुर्द हे ठाऊक नसते. नावे रोमन लिपीत असतील तर वडगाव कुठे व्हीने सुरू होते, कुठे डब्ल्यूने. देवनागरीतही सुटका नाही. कऱ्हाड आणि कराड ही दोन रूपे सर्वांना माहीत आहेत. पण ‘कऱ्हाड’ मधला अर्धा र संगणकावर दोन वेगळ्या रीतींनी टाइप करता येतो. डोळ्याला दोन्ही एकच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. नावापुढे राहून गेलेली एक मोकळी जागासुद्धा गावाला यादीबाहेर ठेवायला पुरते.

यावर उपाय म्हणून प्रत्येक गावाला क्रमांक देतात. २०११च्या जनगणनेत गावाला सहा अंकी संकेतांक आहे. महाराष्ट्राचा राज्य संकेतांक २७, गोव्याचा ३०. नावापेक्षा क्रमांकावर विसंबणे केव्हाही चांगले. तरी तिथेही एक खोच आहे. जम्मू-काश्मीरचा संकेतांक ०१. तो अंक म्हणून वाचला की १ होतो, मजकूर म्हणून वाचला की ०१ राहतो, आणि दोन तक्ते जुळवताना दोघांची गाठ पडत नाही. याच्या उलट, लोकसंख्या मजकूर म्हणून साठवली गेली तर ९० हा आकडा १,००० पेक्षा मोठा ठरतो, कारण शब्दकोशाच्या क्रमात नऊ एकानंतर येतो.

नावे काळाबरोबर बदलतात, ही आणखी एक बाब. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. २०११च्या जनगणनेच्या तक्त्याला जिल्हा = ‘पालघर’ असे विचारले, तर उत्तर शून्य येईल. जव्हार, मोखाडा, डहाणू, तलासरी, विक्रमगड, वाडा, वसई, पालघर ही आठ तालुक्यांची नावे देऊन विचारले, तर तीच गावे ठाण्याच्या खाती सापडतील. औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर, उस्मानाबाद आणि धाराशिव, अहमदनगर आणि अहिल्यानगर या जोड्यांची नवी-जुनी कागदपत्रे जुळवणाऱ्यालाही हेच करावे लागते. ‘शून्य सापडली’ याचा अर्थ ‘तिथे काही नाही’ असा घेण्याआधी, तक्त्याला आपला शब्द माहीत आहे का, हे तपासावे.

शून्य आणि रिक्त

आता वरच्या तक्त्यातल्या पाचव्या ओळीकडे वळू. तांड्यासमोर लोकसंख्येचा रकाना रिकामा आहे. मोजणारा तिथे पोहोचला नसेल, किंवा तांडा त्या दिवशी ऊसतोडीला गेला असेल, किंवा आकडा उतरवताना ओळ सुटली असेल. कारण काहीही असो, माहिती नाही.

या तक्त्याला विचारा: लोकसंख्या >= ५००. उत्तर दोन वस्त्या. मग उलटे विचारा: लोकसंख्या < ५००. उत्तर तीन. दोन आणि तीन मिळून पाच. तक्त्यात वस्त्या सहा. तांडा पाचशेच्या वरच्यांत नाही आणि खालच्यांतही नाही. ‘पाचशे किंवा अधिक नसलेल्या’ असे नकाराने विचारले तरी तो सापडत नाही.

यामागे संगणकाचा खोडसाळपणा नाही, एक सुसंगत तत्त्व आहे. बूलच्या बीजगणितात विधान खरे असते किंवा खोटे. एसक्यूएलमध्ये तिसरी शक्यता मानली आहे: अज्ञात. रिकाम्या रकान्याला संगणकात नल म्हणतात; दमयंतीच्या नलाशी त्याचे नाते नाही, पण सोडून जाण्याची खोड तीच. नलची कशाशीही तुलना केली की उत्तर ‘अज्ञात’ येते. अज्ञाताचा नकारही अज्ञातच. आणि निवड होते ती फक्त खऱ्याची. ‘खरे आहे का ठाऊक नाही’ या वर्गातली ओळ दोन्ही बाजूंनी सुटते. ‘लोकसंख्या = रिक्त’ असे विचारूनही ती सापडत नाही, कारण अज्ञात हे अज्ञाताच्या बरोबर आहे असे म्हणता येत नाही. तिच्यासाठी वेगळा शब्दप्रयोग करावा लागतो: ‘लोकसंख्या रिक्त आहे’. म्हणजे आपण होऊन, मुद्दाम, रिकाम्यांची चौकशी केली तरच ते दिसतात.

तर्काच्या दृष्टीने हे योग्यच आहे. जे माहीत नाही त्याबद्दल संगणक हो म्हणत नाही, नाहीही म्हणत नाही. पण व्यवहारात यादी दोनच प्रकारची असते: नाव आलेली आणि नाव न आलेली. ‘ठाऊक नाही’ याचे कार्यालयातले भाषांतर ‘पात्र नाही’ असे होते, आणि हे भाषांतर कोणी केले हे कुठेही लिहिलेले नसते.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. महसुली दप्तरात बेचिराख गाव असा शब्द आहे. मूळ फारसी, अर्थ दिवा नसलेले. गावाला हद्द आहे, नाव आहे, संकेतांक आहे, पण वस्ती नाही. अशा गावाची लोकसंख्या ० लिहिली जाते आणि ते बरोबर असते. तिथे मोजणी झाली आणि कोणी सापडले नाही. म्हणजे ० ही माहिती आहे, रिक्त म्हणजे माहितीचा अभाव. आता, नकाशांच्या देवघेवीत शेपफाइल नावाचा जुना प्रकार आजही सर्रास वापरला जातो. त्याच्या तक्त्यात अंकांच्या रकान्यात खरी रिक्त नोंद ठेवण्याची नीट सोय नाही. एका प्रकारातून या प्रकारात माहिती नेताना अनेक साधने रिकाम्या जागी ० भरतात. सकाळी ज्या तांड्याची लोकसंख्या ‘अज्ञात’ होती, तो संध्याकाळी, फाइल बदलताना, बेचिराख होतो. त्यानंतर ‘रिक्त आहे’ असे मुद्दाम विचारणाऱ्यालाही तो सापडणार नाही. माणसे जिवंत, चुली पेटलेल्या, आणि तक्त्यात दिवा विझलेला.

ज्याला ओळच नाही

रिकाम्या रकान्याला निदान ओळ असते. काहींना तीही नसते. जनगणनेचा गाव-तक्ता महसुली गावांचा असतो. पालघर-नंदुरबारकडचे पाडे, कोकणातल्या वाड्या, मराठवाड्यातले तांडे, देशावरच्या मळ्यांतल्या वस्त्या यांतल्या अनेकांना त्या तक्त्यात स्वतंत्र ओळ नाही. त्यांची माणसे मूळ गावाच्या आकड्यात मिसळलेली असतात. गावठाणाला डांबरी रस्ता आहे म्हणून गावासमोर ‘रस्ता आहे’ अशी नोंद होते, आणि डोंगराच्या पलीकडच्या पाड्यातून आजाऱ्याला झोळीत घालून आणणारी माणसे ‘रस्ता असलेल्या गावात’ राहतात. या तक्त्याला कितीही बिनचूक प्रश्न विचारा, कंस कितीही काळजीने घाला, तो पाडा पिवळा होणार नाही. विचारायला तिथे कोणी नाही.

ग्रामसडक योजनेच्या रचनाकारांना हे उमगले होते, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. योजनेचे एकक वस्ती आहे, महसुली गाव किंवा ग्रामपंचायत नाही, असे मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिले गेले. त्यामुळे वस्त्यांचे वेगळे तक्ते तयार करावे लागले. ‘पाचशे’ हा आकडा जेवढा महत्त्वाचा, तेवढाच ‘कशाचे पाचशे’ हा निर्णय. गावाच्या तक्त्यावर ५००ची अट लावली तर जवळपास रस्ता असलेली मोठी गावे गाळून थोडी उरतील. वस्त्यांच्या तक्त्यावर तीच अट लावली तर वेगळाच प्रदेश उजळतो. वाक्य एकच, तक्ता वेगळा, आणि उत्तर दोन निराळ्या महाराष्ट्रांचे.

तरीही प्रत्येक अटीला कड असते. वरच्या तक्त्यातला डोंगरपाडा, लोकसंख्या १८०, अनुसूचित क्षेत्रात असूनही २५०च्या खाली आहे. तो प्रश्नातून गळला तो प्रश्नकर्त्याच्या गफलतीमुळे नव्हे. धोरणाने तसे ठरवले होते. तांड्याचे तसे नाही. त्याला वगळायचे कोणी ठरवलेच नव्हते. हे दोन प्रकारचे वगळणे नकाशावर हुबेहूब सारखे दिसते: दोन्ही ठिपके करडे. एकाबद्दल धोरणाशी भांडता येते, मर्यादा खाली आणा म्हणून मागणी करता येते. दुसऱ्याबद्दल भांडायचे कोणाशी हेच कळत नाही, कारण निर्णय झालेलाच नसतो. म्हणून हा भेद उघड करून दाखवणे हे नकाशा करणाऱ्याचे पहिले काम आहे, असे मी मानते.

प्रश्नही छापावा

नकाशाच्या कोपऱ्यात आपण प्रमाण छापतो, उत्तर दिशेचा बाण काढतो, रंगांची सूची देतो. इतक्या शिस्तीच्या या कागदावर एक ओळ मात्र क्वचितच दिसते: हा नकाशा ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न. ‘रस्ता नसलेल्या वस्त्या’ हे शीर्षक म्हणजे प्रश्न नव्हे. कोणता तक्ता, कोणत्या सालचा, त्यातली एक ओळ म्हणजे गाव की वस्ती, अटी कोणत्या, कंस कुठे, आणि किती ओळींचे रकाने रिकामे होते, हे सारे दोन-तीन ओळींत मावते. माझा आग्रह आहे की ते प्रत्येक सार्वजनिक नकाशाखाली छापले जावे, आणि रिकाम्या रकान्यांच्या जागांना करड्याहून वेगळा, तिसरा रंग मिळावा. हे करायला नवे तंत्रज्ञान लागत नाही. सगळी सोय आजच्या प्रणालींत आहे.

तोपर्यंत नकाशा हाती आलेल्या कोणालाही, संगणकाला हात न लावता, एक तपासणी करता येईल. ‘हो’ किती आणि ‘नाही’ किती, हे विचारावे. दोघांची बेरीज करावी. मग एकूण किती होते ते विचारावे. ग्रामसभेत भिंतीवर लावलेल्या यादीलाही हा हिशेब लागू पडतो, आणि तो करायला बेरीज येणारे शाळकरी पोर पुरते. बेरीज जुळली नाही, तर उरलेल्यांची नावे मागावीत. आणि जुळली, तर आणखी एकदा विचारावे, की आमच्या पाड्याला या एकूणात ओळ आहे का?